हिरव्या हृदयाचा मासा

१

एकशे अठरापैकी शून्य.

गुरुवारी सकाळी साडेअकराला मी हा आकडा वहीत लिहिला. मग खोडला, सगळी डिश पहिल्यापासून पुन्हा मोजली आणि खोडलेल्याच्या शेजारी तोच आकडा परत लिहिला.

झेब्राफिशचं अंडं खसखशीच्या दाण्याएवढं असतं आणि काचेसारखं आरपार दिसतं. घातल्यापासून एका दिवसात त्याच्या आत डोळे, शेपूट आणि धडधडणारं हृदय तयार होतं. दोन वर्षांपूर्वी मी काचेच्या सुईने अशाच अंड्यांमध्ये एक जनुक टोचलं होतं. त्या अंड्यांपासून जे मासे झाले त्यांच्या पिल्लांचं हृदय निळ्या प्रकाशात हिरवं चमकायचं. हृदय कसं वळतं, त्याचे कप्पे कसे पडतात, हे जिवंतपणी बघता यायचं. माझं सगळं संशोधन या एका हिरव्या ठिपक्यावर उभं होतं.

गेल्या महिन्यात पंप बंद पडला आणि त्या वंशातला एकच नर वाचला. मंगळवारी संध्याकाळी मी त्याची एका साध्या मादीशी जोडी लावली. त्याच्याकडे त्या जनुकाची एक प्रत आहे, म्हणजे निम्मी पिल्लं चमकायला हवीत. एकशे अठरात एकही न चमकणं म्हणजे नाणं एकशे अठरा वेळा उडवायचं आणि छापा एकदाही पडायचा नाही.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम माझ्यामागे कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही.

"डिश तीच आहे?"

"हो. अक्षर माझं आहे, तारीख बुधवारची आहे."

"दिवा तपासलास?"

"दोनदा. कागदाचा तुकडा ठेवून बघितला, तो चमकतोय."

त्या भिंगात बराच वेळ बघत राहिल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "मग दोनच शक्यता उरतात. हा तो मासा नाही. किंवा तो मासा कधी नव्हताच."

दुसऱ्या वाक्याचा अर्थ पोचायला मला दोन सेकंद लागले. आधीचे फोटो खोटे, असं त्या म्हणत होत्या.

"उद्या अकराला कामाचा आढावा घ्यायला समिती येतेय. जिवंत हृदय दाखवता आलं तर उत्तम. नाही तर गेल्या दोन वर्षांचे निकाल आपण मागे घेतोय, हे मला त्यांच्यासमोर सांगावं लागेल. तुझ्या नावासकट."

२

जिन्यात बसून मी मावशीला फोन लावला. ती एकतीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती, त्यातली शेवटची बारा मुख्य नर्स. निवृत्त होऊन वर्ष झालं, पण तिच्यासमोर अजूनही कोणाला भिंतीला टेकून उभं राहवत नाही. माझ्या सातव्या वर्षापासून मी तिच्याकडेच राहते.

"आधी रडून घे," ती म्हणाली. "मी फोन धरून आहे."

एक वाजता ती प्रयोगशाळेच्या दारात हजर. बुटांवर निळ्या पिशव्या चढवताना म्हणाली, "हं. चोरीला गेलाय कोण?"

"मासा."

"टाकी रिकामी आहे?"

"नाही ना. टाकीत मासा आहे, पण तो माझा नाही. कोणीतरी बदललाय. मोठे झाले की सगळे सारखेच दिसतात, निळे पट्टे आणि बोटाच्या पेराएवढं अंग. कातडी जाड झाली की हृदयही दिसत नाही."

"म्हणजे नुसत्या नजरेने ओळख पटते ती फक्त पोरांवरून."

"हो."

"आमच्याकडे असे बाप पुष्कळ यायचे," मावशी म्हणाली. "बरं, संशय कोणावर?"

दोघांवर होता. एक मासेघराचे काका. बावीस वर्षं ते माशांचं खाणंपिणं आणि पाणी बघतात. बुधवारी सकाळी जोड्या ठेवलेल्या पेट्यांना हात लावला होता तो त्यांनीच. दुसरा शेपटीदादा. तो पीएचडी करून आमच्याकडे पुढचं काम करतोय, पिल्लांची शेपूट कशी वाढते हे बघतो, म्हणून हे नाव. त्याला माझ्या टाकीची जागा हवी होती. "तुझा शेवटचा शिलेदार गेला की ती फळी माझी," असं तो आठवड्यातून एकदा तरी म्हणायचा.

"यांना तू काही बोललीयस का?"

मी वाकून बुटावरची पिशवी नीट करायला लागले.

"बोललीयस."

"काकांना विचारलं, माझा मासा तुम्ही बदललात का म्हणून. सगळ्यांसमोर."

"मग?"

"हातातली जाळी खाली ठेवली आणि आत निघून गेले."

मावशीने कपाळाला हात लावला नाही, पण लावल्यासारखंच केलं. "चल. आधी तिकडेच."

३

मासेघरात नेहमी उकडतं. पाणी साडेअठ्ठावीस अंशांवर ठेवावं लागतं, त्यामुळे आत गेल्या गेल्या चष्म्यावर वाफ धरते. काका टाकीची काच पुसत होते. मी दिसताच ते पाठमोरे झाले.

मावशीने एक बादली उपडी केली आणि तिच्यावर बसली. "काका, भाची माझी. फटकळ आहे, पण त्याचं खापर माझ्यावर फोडा, वाढवलीय मीच. मला फक्त बुधवारची सकाळ सांगा."

काका थोडा वेळ काच पुसत राहिले. मग पाठमोरेच बोलू लागले.

"नऊला दिवे लागतात. दिवे लागले की यांची पहाट. आदल्या संध्याकाळी नर-मादी एका पेटीत ठेवतात आणि मध्ये पडदा घालतात. प्लास्टिकचा, आरपार. सकाळी तो काढला की पंधरा-वीस मिनिटांत अंडी. रोज ज्याचा तो काढतो. पण काल हिचा फोन आला, बस अडकलीय, माझा पडदा तेवढा काढा. शेजारी दादांच्या तीन पेट्या होत्या. दादा काही दहाच्या आत उगवत नाहीत. म्हटलं, हात ओले झालेच आहेत तर चारही काढून टाकू."

"पेट्या हलवल्या?"

काका पहिल्यांदा वळले. "हलवायच्या? छे हो! पेटी हलली की बिचकतात, मग दिवसभर अंडी घालत नाहीत. एक बोटभर नाही हलवली. फळीवर जिथली पेटी तिथेच."

"पण काका," मला राहवेना, "मंगळवारी मी माझी पेटी डाव्या टोकाला ठेवली होती. बुधवारी पावणेदहाला आले तेव्हा ती उजव्या टोकाला होती. माझ्या नावाची पेटी. मी स्वतः बघितली."

"म्हणजे मी खोटं बोलतोय."

"मी तसं नाही म्हणत, पण—"

"सकाळी तसंच म्हणालीस."

मावशी उठली, बादली होती तशी सुलटी ठेवली आणि मला दंडाला धरून बाहेर घेऊन आली.

"बघितलंस?" मी दबक्या आवाजात म्हणाले. "दोघांपैकी एक जण खोटं बोलतंय, आणि मी तर नाही."

"वॉर्डात अशा भांडणात मी पहिल्यांदा एकच गोष्ट धरून चालायचे," मावशी म्हणाली. "दोघंही खरं बोलतायत."

"ते शक्यच नाही! पेटी एक तर हलली, नाही तर नाही हलली."

"म्हणून तर मजा आहे," ती म्हणाली. "आता तुझा शेपटीवाला दाखव."

४

शेपटीदादा धुण्याच्या खोलीतून बाहेर पडून चहाकडे निघाला होता. मावशीने त्याला कोपऱ्यातल्या टेबलाशी गाठलं.

"तुम्ही चौकशीला आलात ना?" तो हसत म्हणाला. "पोलीस?"

"सुईण."

त्याचं हसू जरा सावध झालं. "हे बघा मावशी, मला तिची फळी हवी होती, हे मी मॅडमना लेखी दिलंय. चोर कधी लेखी देतो का?"

"हुशार चोर देतो. साखर किती?"

"दोन."

तिने त्याच्या कपात दोन चमचे साखर घातली आणि समोर बसून ती अर्धा तास त्याच्याशी गप्पा मारत राहिली. त्याचं गाव, त्याची बहीण, त्याची गुडघेदुखी. मी घड्याळाकडे बघत होते. या गप्पांमधूनच एकेक गोष्ट अलगद निघत गेली. त्याच्या तिन्ही पेट्यांमधले नर एकाच टाकीतले होते. त्या टाकीत एकूण बारा नर, सगळे साधे. बुधवारी दहाला तो आला, लेबल बघून प्रत्येक पेटीतली अंडी गाळून वेगवेगळ्या डिशमध्ये घेतली, त्यांवर दोन, तीन, चार असे आकडे टाकले आणि मासे आपल्या टाकीत परत सोडले.

"एक क्रमांक कोणाचा?"

"तिचा. एका फळीवर पेट्या लागल्या की आम्ही ओळीने आकडे घालतो."

"आणि तुमच्या पिल्लांचं हृदय कसं आहे?"

"हृदय?" दादाने खांदे उडवले. "मावशी, मी शेपटीचा माणूस. साध्या पांढऱ्या दिव्याखाली शेपूट मोजतो आणि डिश बाजूला ठेवतो. पुढच्या टोकाला काय चाललंय ते मला माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही."

"निळ्या दिव्याखाली कधीच नाही बघितलीत?"

"कशाला बघू?"

मावशीने कप खाली ठेवला. "मला त्या पेट्या बघायच्यात," ती म्हणाली. "मासे नकोत, रिकाम्याच आणा. चार. आणि काकांना बोलवा."

५

काका आले ते हाताची घडी घालूनच. मी धुतलेल्या चार पेट्या, चार पडदे आणि चार झाकणं टेबलावर मांडली.

"जशी लेबलं लावता तशी लाव," मावशी मला म्हणाली.

मी पांढरी टेप फाडली, मार्करने एक ते चार आकडे आणि खाली ज्याचं त्याचं नाव लिहून एकेका झाकणावर चिकटवले.

"झाकणावर का?"

"पेटी ओली असते. टेप सुटून पाण्यात पडते. झाकण कोरडं राहतं." मला थोडा अभिमानही होता. "गेल्या वर्षी ही पद्धत मीच सुरू केली. आता सगळेच तसं करतात."

"छान. काका, आता बुधवारी जसे पडदे काढलेत तसेच काढा. अगदी तसेच, काही वेगळं करू नका."

काकांनी घडी सोडली. डावीकडून सुरुवात केली. पहिलं झाकण उचललं आणि शेजारी ठेवलं. त्यावर दुसरं ठेवलं. मग तिसरं, मग चौथं. झाकणांची चवड झाली. चारही पडदे सरसर काढून बादलीत टाकले. मग पुन्हा डावीकडून, चवडीतलं वरचं झाकण पहिल्या पेटीवर, त्याखालचं दुसऱ्या पेटीवर—

माझा हात आपोआप तोंडावर गेला.

डावीकडून उजवीकडे आकडे होते चार, तीन, दोन, एक.

काका झाकणांकडे बघत होते, जणू ती त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

"मी आकडे वाचतच नाही," ते हळूच म्हणाले. "आत गेलो की चष्म्यावर वाफ येते. मी जागेवरून ओळखतो. कडेची पेटी हिची, पुढच्या तीन दादांच्या. झाकण काय, कुठलंही कुठेही बसतं."

"पेट्या हलल्या नाहीत," मावशी म्हणाली. "काका खरं बोलले. तिच्या नावाची पेटी उजवीकडे गेली, तेही खरं. हललं फक्त नाव." ती माझ्याकडे वळली. "वॉर्डात पाळणे अदलाबदल होतात, चादरी होतात, खोल्यासुद्धा होतात. म्हणून पट्टी बाळाच्या पायाला बांधायची. पाळण्याला नाही."

माझं डोकं आता भराभर चालायला लागलं होतं. एक नंबरचं झाकण उजव्या टोकाच्या पेटीवर गेलं. मी तीच पेटी आपली समजून उचलली. आत दादाचं साधं जोडपं होतं. त्यांची अंडी मी माझ्या डिशमध्ये घेतली, त्यांचा नर माझ्या टाकीत सोडला. म्हणून शून्य. आणि माझी खरी पेटी, डाव्या टोकाची, तिच्यावर चार नंबरचं झाकण बसलं. म्हणजे माझ्या नराची अंडी...

"चार नंबरची डिश!" मी दादाकडे वळून ओरडले. "ती कुठाय?"

दादाच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीन वाजत आले होते.

"आज दोन वाजता मी सगळ्या डिश टाकायला काढल्या," तो म्हणाला. "भुलीच्या औषधात ओतायच्या, मग ब्लीचमध्ये."

"ओतल्यास?"

"ओतायला सुरुवात केली होती."

६

धुण्याची खोली कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला आहे. प्रयोगशाळेत पळायचं नाही असा नियम आहे आणि तो दारावर लावलेलाही आहे. आम्ही चौघंही पळालो. मावशी दुसरी आली.

सिंकच्या कडेला ट्रे होता. ट्रेवर तीन डिश. एक रिकामी, पालथी घातलेली.

मला पुढे जाववेना. काकाच पुढे झाले, पालथी डिश उचलून कडेचा आकडा बघायला लागले. चष्मा कपाळावर चढवला, डिश डोळ्यांजवळ नेली.

"दोन," ते म्हणाले.

दादा भिंतीला टेकला. "दोन ओतली आणि मला चहाची तल्लफ आली," तो म्हणाला. "म्हटलं, येऊन उरलेल्या ओतू. मग तुम्ही भेटलात आणि माझ्या गुडघ्याचं विचारलंत."

"आता तर दुप्पट काळजीने विचारेन," मावशी म्हणाली.

चार नंबरची डिश मी दोन्ही हातांत धरली. तळाशी गोल काचेचे मणी, आणि प्रत्येक मण्यात काहीतरी मधूनच वळवळत होतं, झोपेत कूस बदलावी तसं.

७

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीतला दिवा बंद केला. मॅडमना बोलावलं होतं. त्या दारात उभ्या होत्या, काही न विचारता. मी निळा प्रकाश चालू केला आणि चाक फिरवायला लागले. आधी नुसता धूसर काळोख दिसला.

मग एक ठिपका.

हिरवा. उघडझाप करणारा. त्याच्या शेजारी दुसरा. चाक थोडं पुढे नेलं आणि सगळी डिश लखलखली, काळ्या पाण्यात हिरव्या ठिणग्या एकाच वेळी श्वास घेतायत अशी.

मी बाजूला सरकले. मावशीने डोळा लावला, आणि मला तिचा दुसरा हात मनगटाकडे जाताना दिसला. एकतीस वर्षांची सवय. घड्याळाचा काटा बघायला मान तिरकी केली, परत भिंगात, परत काटा.

"एकशे बारा," ती म्हणाली. "मिनिटाला. उत्तम आहे. आईबाप दोघांना सांगा, काळजीचं कारण नाही."

मी मोजलं. चौऱ्याण्णव भ्रूण, त्यातले एकोणपन्नास चमकणारे. निम्म्यापेक्षा दोन जास्त. मॅडमनी स्वतः परत मोजले. एकोणपन्नासच आले.

"मी सकाळी विचारलं ते विचारायला हवंच होतं," त्या म्हणाल्या. "पण तसं विचारायला नको होतं."

"हो मॅडम," मी म्हणाले.

"म्हणजे चोर कोणीच नव्हता?" मॅडमनी विचारलं.

"होता की," मावशी म्हणाली. "झाकणाला नाव देण्याची अक्कल ज्याची, तो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अंधार होता हे बरं झालं.

काका दाराबाहेर थांबले होते. मी गेले आणि समोर उभी राहिले. माफीचं एक वाक्य मनात नीट रचलं होतं, सुरुवात, कारण, शेवट. तोंडातून निघालं ते एवढंच, "काका, चुकलं माझं. सगळ्यांसमोर बोलले, आता सगळ्यांसमोर सांगते."

"मी पण वाचायला हवं होतं," काका म्हणाले. "झाकणावर काहीतरी लिहिलंय हे दिसत होतं. वाटलं, तुमचं तुमचं काहीतरी असेल." मग जरा थांबून, "पेटीची बाजू आधी कोरड्या फडक्याने पुसायची, मग टेप लावायची. आठवडाभर सुटत नाही. टाक्यांना मी तशीच लावतो."

"मला हे कधी सांगितलं नाहीत!"

"तू कधी विचारलंस?"

त्या संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये मला मावशीच्या खांद्यावर झोप लागली. जाग आली तेव्हा आमचा स्टॉप मागे पडला होता. "उठवलं का नाहीस?" मी विचारलं. "बारा तास कळा दिल्यावर बाईला झोपू द्यायचं असतं," ती म्हणाली, आणि आम्ही दोन स्टॉप चालत मागे आलो.

८

शुक्रवारी अकराला समितीचे तिघे आले. त्यांच्यातले सर्वांत म्हातारे सर भिंगाला डोळा लावून बसले ते उठेचनात. बाकीचे दोघं आधी खाकरले, मग खुर्च्या सरकवायला लागले. मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि काचेत मला त्यांचं हसू दिसत होतं.

"सुंदर," सर शेवटी म्हणाले. डोळे चोळले. "आणि यांचा बाप कुठे आहे? त्याला बघता येईल?"

मासेघराच्या दाराशी काका उभे होते. शेपटीदादा जमिनीकडे बघत होता. त्याच्या टाकीत बारा नर निळे पट्टे मिरवत, एकासारखे एक, आनंदाने गोल गोल फिरत होते. सोमवारपासून प्रत्येकाच्या शेपटीचा कणीएवढा तुकडा घेऊन त्यात ते जनुक आहे का, हे तपासायचं ठरलं होतं.

"संशयित बारा आहेत, सर," मी म्हणाले. "सगळे ताब्यात आहेत. चौकशी चालू आहे."